लिंकन हरणार होता, तेव्हाची कागदपत्रं

एम. ए.च्या लघुप्रबंधाला विषय निवडायची वेळ आली की सातारा-सांगलीकडची मुलं परदेशाच्या इतिहासाला हात लावत नाहीत. साधनं इथे कुठून मिळणार, हे ठरलेलं कारण. १८६४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपुरतं तरी हे कारण आता चालणार नाही. या निवडणुकीची अस्सल कागदपत्रं घरबसल्या, फुकट, पानागणिक छायाचित्रांसह वाचता येतात. प्रतिसरकारवर काम करणाऱ्याला एका फायलीसाठी जितके अर्ज करावे लागतात, त्याच्या निम्मेही इथे लागत नाहीत.

देशात, फुटून निघालेल्या दक्षिणेशी, यादवी युद्ध ऐन भरात असताना झालेली ही निवडणूक. एका बाजूला अब्राहम लिंकन, दुसऱ्या बाजूला लिंकननंच सेनापतिपदावरून दूर केलेला जॉर्ज मॅक्लेलन, डेमोक्रॅटिक पक्षाचा. मतदान ८ नोव्हेंबर १८६४ ला. लिंकनला निर्वाचक मंडळाची (अध्यक्ष प्रत्यक्षात निवडणाऱ्या, राज्याराज्यांच्या प्रतिनिधींची) २१२ मतं, मॅक्लेलनला २१. लोकांच्या मतांत लिंकनचा वाटा सुमारे ५५ टक्के.

खरी अडचण अशी की हा निकाल आपल्याला आधीच ठाऊक असतो. नंतर आठवणी लिहिणाऱ्यांनाही तो ठाऊक होता, त्यामुळे १८६५ नंतरच्या बऱ्याच आठवणींत लिंकनचा विजय अटळ वाटतो. ऑगस्ट १८६४ मधल्या कागदांत मात्र तो हरणार हे जवळजवळ गृहीत धरलेलं आहे. म्हणून या विषयावर काम करायचं तर एक शिस्त पाळावी लागते: कुठला माणूस कुठल्या तारखेला काय जाणत होता, एवढंच आधी ठरवायचं. बाकीचं विश्लेषण त्यानंतर.

लघुप्रबंधासाठी काळ लहान धरा. २३ ऑगस्ट ते ८ नोव्हेंबर, मंगळवार ते मंगळवार, बरोबर ११ आठवडे. सुरुवात २३ ऑगस्टला, कारण त्या दिवशी लिंकननं एका कागदावर थोडक्यात लिहिलं की हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही अशी दाट शक्यता गेले काही दिवस दिसते आहे. तसं झालं तर निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांच्या मधल्या काळात, नव्या अध्यक्षाच्या सहकार्यानं संघराज्य वाचवणं हे आपलं कर्तव्य राहील. कागद दुमडून त्यानं मंत्र्यांपुढे ठेवला आणि आतला मजकूर न दाखवता पाठीवर सह्या घेतल्या. सीवर्ड, फेसेंडेन, स्टँटन, वेल्स, बेट्स, ब्लेअर, अशर अशा सात सह्या आहेत. मंत्र्यांची नावं १८६१ च्या यादीवरून उचलणारा इथे हमखास फसतो; खजिन्याचा मंत्री चेस जूनअखेरीस गेला होता आणि फेसेंडेन जुलैत आला होता. ११ नोव्हेंबरला लिंकननं हा कागद मंत्रिमंडळात उघडून वाचून दाखवला, तोवर ब्लेअरही राजीनामा देऊन गेला होता. म्हणजे सही करणारे आणि मजकूर ऐकणारे पूर्णपणे तेच नव्हते.

या एका कागदावरून कामाची सगळी पद्धत शिकता येते. छापील पाठ हवा असेल तर रॉय बॅस्लरनं संपादित केलेला लिंकनच्या समग्र लेखनाचा संच बघावा. १९५३ मध्ये निघालेले ८ खंड आणि वर सूची. मिशिगन विद्यापीठानं तो सगळा संगणकावर आणला आहे. आपल्या ११ आठवड्यांसाठी खंड ७ चा शेवट आणि खंड ८ चा पहिला भाग पुरतो. दोन खंडांची हद्द १२ सप्टेंबर १८६४ ला येते, तेव्हा शोधताना दोन्ही उघडे ठेवा. प्रत्येक मजकुराखाली बारीक टाइपात टीप असते, ती सोडू नका. ‘एएलएस’ म्हणजे स्वहस्ते लिहून सही केलेलं पत्र, ‘एलएस’ म्हणजे कारकुनानं लिहिलेलं पण सही लिंकनची, ‘डीएफ’ म्हणजे मसुदा. पुढे ‘डीएलसी-आरटीएल’ आलं की मूळ कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, लिंकनचा मुलगा रॉबर्ट यानं दिलेल्या संग्रहात आहे. मसुदा आणि पाठवलेलं पत्र यांतला फरक न पाहता ‘लिंकननं अमक्याला कळवलं’ असं लिहिणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. २४ ऑगस्टला हेन्री रेमंड या संपादकाच्या नावे लिहिलेला मजकूर घ्या. रेमंडनं रिचमंडला, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीला, जाऊन तहाची बोलणी करावी असा त्याचा आशय, पण ते पत्र रवाना झालंच नाही.

हा रॉबर्ट लिंकनचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर २१ वर्षं बंद ठेवायची अट होती. तो २६ जुलै १९४७ ला खुला झाला. त्यामुळे त्याआधीचं लिंकनचं कुठलंही चरित्र हाती आलं तर आधी बघा की लेखकाला हे कागद दिसले होते का. जॉन निकोले आणि जॉन हे या लिंकनच्या दोन चिटणिसांना ते दिसले होते. बाकी बहुतेकांना नाही.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर लिंकन पेपर्समधले सुमारे २० हजार दस्तऐवज आहेत. तिथे नुसतं ‘इलेक्शन’ टाकून शोधू नका, काहीही येईल. तारखेनं शिरा. पहिली मालिका सर्वसाधारण पत्रव्यवहाराची आहे. त्यात ऑगस्ट १८६४ उघडून एकेक दिवस वाचत जायचं. वेळ जातो, पण शोधशब्दात न बसणारी पत्रं अशीच सापडतात. पत्राची सगळी पानं बघा, विशेषतः शेवटचं, जे बऱ्याचदा कोरं वाटतं. पेशवे दफ्तरातल्या पत्रावर जशी पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, तारीख असते, तशी इथे घडीच्या पाठीवर चिटणिसांची नोंद असते: कोणाचं पत्र, कुठल्या तारखेचं, कधीकधी एका ओळीत विषय. लिंकनचा स्वतःचा शेराही कधी तिथेच सापडतो. मोडी वाचलेल्यांना पाठ उलटून बघायची सवय असते; ज्यांना नाही त्यांनी ती लावून घ्यावी.

तारखेचा कस कसा लावायचा ते रेमंडच्या पत्रावर दिसतं. रेमंड हा न्यूयॉर्क टाइम्सचा संपादक, आणि त्याच वेळी लिंकनच्या पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष. २२ ऑगस्टला त्यानं न्यूयॉर्कहून लिंकनला लिहिलं की इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना सगळीकडून वाईट खबरा आहेत. पुस्तकांत बहुतेकदा हे पत्र आणि दुसऱ्या दिवशीचा तो दुमडलेला कागद कार्यकारणानं जोडून टाकलेले असतात. पण २२ ला लिहिलेलं पत्र २३ च्या सकाळी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या हातात पडलं होतं का? रेल्वेनं टपाल तेवढ्यात पोचू शकत होतं, पण ‘शकत होतं’ म्हणजे ‘पोचलं’ नव्हे. खात्रीनं एवढंच म्हणता येतं की २४ ला मसुदा लिहिला तेव्हा पत्र आलेलं होतं. शिवाय दुमडलेल्या कागदात ‘गेले काही दिवस’ असे शब्द आहेत. आणि थर्लो वीड या पक्षाच्या मुरब्बी पुढाऱ्यानं २२ तारखेलाच सीवर्डला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे की निवडून येणं अशक्य आहे, हे आपण लिंकनला पूर्वीच सांगितलं होतं. म्हणजे निराशेचं कारण एका पत्रात शोधण्याची गरज नाही. असा एक परिच्छेद नीट लिहिला तरी प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहतं.

हस्ताक्षराची भीती नको. लिंकनचं अक्षर सुटसुटीत आहे, चार दिवसांत डोळ्यांना सवय होते. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली याचं अक्षर मात्र त्याच्या काळातही कुप्रसिद्ध होतं. त्याच्यापासून सुरुवात करू नये. नॉक्स कॉलेजच्या लिंकन स्टडीज सेंटरनं बऱ्याच पत्रांचं लिप्यंतर केलेलं आहे, ते भरवशाचं. २०१८ पासून स्वयंसेवकांनी केलेली लिप्यंतरंही तिथे आहेत. ती वाचायला सोयीची, पण उद्धृत करण्याआधी मूळ छायाचित्राशी ताडून घ्या. विशेषनामं आणि आकडे तर नक्कीच.

रोजनिशी म्हटली की ती त्या दिवशीच लिहिलेली, असं आपण धरून चालतो. नौदलमंत्री गिडियन वेल्सच्या रोजनिशीबाबत ते चालत नाही. ती १९११ मध्ये तीन खंडांत छापली गेली, पण वेल्सनं मागाहून तिच्यात फेरफार केले होते. १९६० च्या आवृत्तीत हॉवर्ड बीलनं मूळ शब्द कुठले आणि नंतर घातलेले कुठले हे दाखवलं आहे. फुकट सापडते ती बहुधा १९११ ची. ती वापरायची तर तसं स्पष्ट नोंदवा आणि लिंकनविषयीच्या शहाणपणाच्या वाक्यांवर जास्त भार टाकू नका. जॉन हेची रोजनिशी अधिक ताजी आहे. ११ नोव्हेंबरला तो दुमडलेला कागद कसा चिकटवलेला होता आणि उघडायला कसा कापावा लागला, हे त्यानंच टिपलं. तरीही, हरलो असतो तर मॅक्लेलनशी काय बोलणार होतो हे लिंकननं त्या दिवशी सांगितलं ते जिंकल्यानंतर सांगितलं आहे. ऑगस्टचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

मॅक्लेलनचे कागदही लायब्ररी ऑफ काँग्रेसनं खुले केले आहेत आणि आपल्याकडचे अभ्यासक तिकडे फारसे फिरकत नाहीत, हे नवलच. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन २९ ते ३१ ऑगस्टला शिकागोत भरलं. जाहीरनाम्यात चार वर्षांचा युद्धाचा प्रयोग फसला असं म्हटलं गेलं, आणि २ सप्टेंबरला दक्षिणेचं अटलांटा शहर उत्तरेच्या हाती पडलं. उमेदवारी स्वीकारल्याचं मॅक्लेलनचं पत्र ८ सप्टेंबरचं. त्याचे मसुदे शिल्लक आहेत. एकापुढे एक ठेवून वाचले की संघराज्याची अट आधी की शस्त्रसंधी आधी, यावर माणूस कसा डुगडुगला ते दिसतं.

आता वर्तमानपत्रं. क्रॉनिकलिंग अमेरिका या संग्रहात न्यूयॉर्क हेरल्ड, न्यूयॉर्क ट्रिब्यून, वॉशिंग्टनचा ईव्हनिंग स्टार असे अंक मिळतात. दक्षिणेची बाजू हवी तर रिचमंड विद्यापीठानं रिचमंडचं डेली डिस्पॅच घातलं आहे. शोध यंत्रानं वाचलेल्या मजकुरावर चालतो, आणि यंत्र चुकतं. मॅक्लेलनचं नाव त्या काळी बऱ्याच छापखान्यांत ‘एम’नंतर उलटा स्वल्पविराम देऊन जुळवत, त्यामुळे पूर्ण नाव टाकलं तर निम्मे उल्लेख निसटतात. नुसतं ‘क्लेलन’ टाका, ‘लिटल मॅक’ हे त्याचं टोपणनाव टाका. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द यंत्राला जोडता येत नाहीत, म्हणून लांब शब्दांऐवजी आखूड शब्द धरावेत. सापडलं नाही म्हणजे छापलं नव्हतं, असा निष्कर्ष कधीही काढू नका. महत्त्वाच्या आठवड्याचे अंक डोळ्यांनीच चाळावे लागतात.

तारखांचे सापळे इथे जास्त. हार्पर्स वीकलीच्या अंकावरची तारीख तो बाजारात येण्याच्या पुढची असे. थॉमस नॅस्टचं दक्षिणेशी तडजोड करण्यावरचं प्रसिद्ध व्यंगचित्र ३ सप्टेंबरच्या अंकात आहे; ते अटलांटा पडल्यानंतर काढलं असं समजणं चूक ठरेल. दुसरं असं की पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना यांच्या राज्य पातळीवरच्या निवडणुका ११ ऑक्टोबरला झाल्या. १२-१३ ऑक्टोबरच्या अंकात ‘इंडियाना जिंकलं’ असा मथळा दिसला की तो अध्यक्षपदाचा निकाल नव्हे.

आणि खोटे कागद. १८ मे १८६४ ला न्यूयॉर्कच्या दोन वृत्तपत्रांत लिंकनचा ४ लाख सैनिक मागणारा जाहीरनामा छापून आला. तो बनावट होता. सोन्याच्या भावात हात मारण्यासाठी जोसेफ हॉवर्ड नावाच्या पत्रकारानं रचलेला. सरकारनं ती दोन्ही वृत्तपत्रं काही दिवस बंद पाडली. १८६३ च्या अखेरीस निघालेली, गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाचा पुरस्कार करणारी निनावी पुस्तिका कट्टर गुलामगिरीविरोधकाची वाटते. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक पक्षाच्या न्यूयॉर्क वर्ल्डमधल्या दोघांनी ती विरोधकांना गोत्यात आणायला लिहिली होती. दोन्ही आज सरकारी संग्रहांत, व्यवस्थित नोंद होऊन पडलेली आहेत. अभिलेखागारात असणं म्हणजे खरं असणं नव्हे.

सैनिकांच्या मतांचा भाग सगळ्यात रसाळ आणि सगळ्यात घसरडा. १९ राज्यांनी छावणीतून मतदानाला मुभा दिली. इलिनॉय, इंडियाना, न्यू जर्सी यांनी दिली नाही, म्हणून लिंकननं १९ सप्टेंबरला सेनापती शर्मनला लिहिलं की इंडियानाचे सैनिक मतदानाला घरी सोडता आले तर बरं, आणि लगेच जोडलं की हा हुकूम नव्हे. ‘सैनिकांची ७८ टक्के मतं लिंकनला’ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो फक्त ज्या राज्यांनी सैनिकांची मतं वेगळी मोजली त्यांचा आहे. न्यूयॉर्कचे सैनिक मतपत्रिका बंद पाकिटात घालून गावच्या माणसाकडे पाठवत आणि ती तिथल्या मतांत मिसळून जात. लिंकननं न्यूयॉर्क ६,७४९ मतांनी जिंकलं, तेव्हा या पाकिटांना किती वजन असेल याचा अंदाज करा. त्या पाकिटांत बनावट सह्या घातल्याबद्दल न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींवर लष्करी न्यायासनापुढे खटले चालले. असे खटले नॅशनल अर्काइव्ह्जच्या अभिलेख गट १५३ मध्ये असतात. मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. कंपनीच्या तंबूत कोण कुठला कागद टाकतो हे शेजाऱ्याला दिसे. टक्केवारी लिहिताना हे सोबत लिहायला हवं.

आकड्यांची बेरीज स्वतः करून बघायची सवय लावा. सरावासाठी मेरीलँडचं उदाहरण उत्तम. ऑक्टोबर १८६४ मध्ये गुलामगिरी बंद करणाऱ्या राज्यघटनेवर मतदान झालं. घरच्या मतांत बाजूनं २७,५४१, विरुद्ध २९,५३६. म्हणजे घटना पडलीच होती. सैनिकांची मतं २,६३३ आणि २६३. बेरीज ३०,१७४ विरुद्ध २९,७९९. फक्त ३७५ मतांनी मंजूर. हे चार आकडे जुळले नाहीत तर तुमच्या साधनात छपाईची चूक आहे.

तसाच दुसरा कागद १३ ऑक्टोबरचा, आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात असलेला. युद्धखात्याच्या तारघरात बसून लिंकननं तारेच्या कोऱ्या फॉर्मवर अंदाज मांडला: निर्वाचक मतं विरोधकांना ११४, आपल्याला ११७. न्यूयॉर्कची ३३, पेनसिल्व्हेनियाची २६ आणि स्वतःच्या इलिनॉयची १६ मतंही त्यानं विरोधकांच्या रकान्यात टाकली आहेत. अटलांटा पडून सहा आठवडे झाले होते, तरी हा माणूस तीन मतांची आघाडी धरून बसला होता! अटलांटानं निवडणुकीचा निकाल लावला, असं एका वाक्यात उरकणाऱ्या पुस्तकांपुढे हा फॉर्म ठेवावा. त्यावर नेव्हाडाची ३ मतं वेगळी जोडलेली दिसतात. नेव्हाडा ३१ ऑक्टोबरला राज्य झालं. घाई इतकी की राज्यघटना तारेनं पाठवली, १६,५४३ शब्द, खर्च ४,३०३ डॉलर. शेवटी मतं पडली दोनच, म्हणून २१२. लुइझियाना आणि टेनेसी यांची निर्वाचक मतं काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकन संसदेनं, फेब्रुवारी १८६५ मध्ये मोजलीच नाहीत, हे काँग्रेशनल ग्लोब या तिच्या कामकाजाच्या वृत्तान्तात ३८ व्या काँग्रेसच्या दुसऱ्या सत्रात वाचायला मिळतं. जिल्हावार मतांसाठी १८६५ चा ट्रिब्यून अल्मनॅक हा वार्षिक ग्रंथ पाहावा.

कामाच्या सोयीचं थोडं. तक्त्यात तारखेचे तीन रकाने ठेवा: लिहिल्याची, पोचल्याची, छापल्याची. माहीत नसेल तो रकाना कोरा सोडा, अंदाजानं भरू नका. चौथ्या रकान्यात मूळ छायाचित्र, लिप्यंतर की छापील पाठ वाचला ते लिहा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे कागद आपोआप क्रमानं लागतात. हाथीट्रस्ट या डिजिटल पुस्तकसंग्रहावर सभासद विद्यापीठाचं लॉगिन नसेल तर बरीच पुस्तकं सबंध उतरत नाहीत, पानापानानं घ्यावी लागतात. तोच खंड इंटरनेट अर्काइव्हवर शोधा. वॉशिंग्टनच्या ग्रंथपालाला प्रश्न पाठवायचा तर संग्रहाचं नाव, मालिका, तारीख देऊन एकच नेमका प्रश्न विचारा. आपल्या संध्याकाळी साडेसातला तिथे हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात. आणि सांगलीकरांना वेगळं सांगायला नको: सगळं काम तळमजल्यावरच्या एकाच संगणकात ठेवू नका.

परीक्षक विचारतीलच की यात आपल्याकडचं काय. त्याचं उत्तर कागदांतूनच देता येतं. अटलांटिकखालची तारयंत्राची तार १८६६ पर्यंत कायमची चालू झाली नव्हती. निकाल आगबोटीनं इंग्लंडला आणि तिथून सुएझमार्गे मुंबईला यायला महिना-सव्वा महिना जाई. म्हणून मुंबईच्या पत्रांचे डिसेंबर १८६४ च्या मध्यापासून पुढचे अंक पाहावेत. युद्धामुळे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आलेला, तहाच्या नुसत्या बातमीनं तो खाली येई. त्यामुळे शिकागोच्या जाहीरनाम्यात काय लिहिलंय याची धास्ती इथल्या व्यापाऱ्यालाही होती. इंदुप्रकाश आणि ज्ञानप्रकाश तेव्हा निघत होते. अहमदनगरात १८४२ ला सुरू झालेला ज्ञानोदय तर अमेरिकन मराठी मिशनचाच. त्या मिशनचं एक ठाणं खुद्द साताऱ्यात होतं, आणि तिथले मिशनरी बोस्टनच्या मुख्य कचेरीला पत्रं लिहीत. त्यांतली निवडक मिशनरी हेरल्ड या मासिकात छापली जात. १८६४ आणि १८६५ चे खंड वाचायला मिळतात. मूळ पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. आधी छापील खंडांत सातारा ठाण्याखालच्या नोंदी काढा, तारखा टिपा, आणि मग त्याच तारखांची मूळ पत्रं मागा, कारण मासिकात छापताना संपादक राजकारणाचा मजकूर गाळू शकत होता.